कल, कुवत आणि समाधान : मिनेसोटाच्या समुपदेशन मानसशास्त्राची वाटचाल

मिनियापोलिसमध्ये मिसिसिपी नदीकाठी मिनेसोटा विद्यापीठाचा एलियट हॉल उभा आहे. १९१९ ते १९५१ या प्रदीर्घ काळात मानसशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळणाऱ्या रिचर्ड एलियट यांचे नाव या इमारतीला देण्यात आले आहे. समुपदेशन मानसशास्त्र ही स्वतंत्र विद्याशाखा घडवण्यात या विभागाचा वाटा फार मोठा आहे.

या कामाचा पाया घातला तो डोनाल्ड पॅटरसन यांनी. पहिल्या महायुद्धात सैन्यातील मानसशास्त्रीय चाचण्यांचा अनुभव घेऊन ते १९२१ मध्ये येथे रुजू झाले. डोक्याचा आकार, चेहऱ्याची ठेवण, केसांचा रंग पाहून माणसाचा स्वभाव आणि योग्य व्यवसाय सांगणाऱ्यांची तेव्हा अमेरिकेत चलती होती. नोकरभरतीतही त्यांचा सल्ला घेतला जाई. पॅटरसन यांनी हे दावे तपासायला घेतले. सोनेरी केसांची माणसे धडाडीची आणि काळ्या केसांची माणसे सबुरीची असतात, ही समजूत १९२२ मधील त्यांच्या अभ्यासात टिकली नाही. शरीर आणि बुद्धी यांच्या संबंधावरील त्यांचा ग्रंथ १९३० मध्ये आला आणि अशा भाकितांचा उरलासुरला आधारही गेला. पुराव्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, ही विभागाची शिस्त तेव्हापासूनची.

त्याच सुमारास महामंदी आली. विद्यापीठाने १९३१ मध्ये रोजगार स्थैर्यासाठी एक संशोधन संस्था सुरू केली आणि बेकारांच्या क्षमतांची पद्धतशीर तपासणी आरंभली. कारकुनी कामाची चाचणी दिसायला अगदी साधी होती. कागदावर आकड्यांच्या आणि नावांच्या जोड्या. ४७१९०६ आणि ४७१९६० हे आकडे सारखे आहेत की वेगळे, एवढेच भराभर ओळखायचे. हाताच्या चपळाईसाठी भोकांच्या फळीवर गोल ठोकळे बसवायला दिले जात. काम गमावलेला माणूस कुचकामी नसतो; त्याच्या हातात आणि नजरेत काय आहे ते मोजून सांगता येते, हा विश्वास या टेबलांवर आकाराला आला.

विद्यापीठाच्या चाचणी केंद्राची स्थापना १९३२ मध्ये झाली. पॅटरसन यांचे शिष्य ई. जी. विल्यमसन त्याचे पहिले संचालक. माहिती गोळा करणे, तिची जुळणी, निदान, पुढचा अंदाज, समुपदेशन आणि पाठपुरावा अशी सहा टप्प्यांची पद्धत त्यांनी बसवली. विद्यार्थ्यांच्या समुपदेशनावरचा त्यांचा १९३९ चा ग्रंथ अनेकांचा आधार ठरला.

या पद्धतीला सर्वांत मोठे आव्हान घरातच मिळाले. ११ डिसेंबर १९४० रोजी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी याच विद्यापीठात व्याख्यान दिले आणि समुपदेशकाने निदान करून सल्ला देण्याच्या प्रथेवर टीका केली. श्रोत्यांत खळबळ उडाली. पुढे रॉजर्स हाच दिवस आपल्या व्यक्तिकेंद्री उपचारपद्धतीचा जन्मदिवस मानू लागले. आक्षेप खोल होता. समुपदेशकाच्या अधिकारावरच त्याने बोट ठेवले होते.

मिनेसोटाने त्यानंतरही नोंदी ठेवणे आणि निष्कर्ष तपासणे सोडले नाही. १९३० च्या दशकात समुपदेशन घेतलेल्या आणि न घेतलेल्या विद्यार्थ्यांचा २५ वर्षांनी पुन्हा शोध घेण्यात आला. डेव्हिड कॅम्पबेल यांचा तो अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशन घेतलेल्यांची कामगिरी किंचित सरस निघाली. ‘किंचित’ हा शब्द लपवला गेला नाही, आणि या परंपरेचे मोठेपण त्यातच आहे.

दरम्यान विभागाची माणसे सर्वदूर पोहोचली होती. विद्यापीठाच्या रुग्णालयात हॅथवे आणि मॅकिन्ले यांनी घडवलेली व्यक्तिमत्त्व चाचणी, म्हणजेच एमएमपीआय, १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक वर्षे शाळेत शिकवलेल्या लिओना टायलर यांनी येथेच मुलींच्या व्यवसायविषयक कलांवर डॉक्टरेट केली. १९७३ मध्ये त्या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. व्यवसायांची सहा गटांत मांडणी करणारे जॉन हॉलंड हेही याच विद्यापीठाचे विद्यार्थी. गिल्बर्ट रेन यांच्या संपादनाखाली १९५४ मध्ये समुपदेशन मानसशास्त्राचे नियतकालिक सुरू झाले. पुढे १९६४ मध्ये डाविस, इंग्लंड आणि लॉफक्विस्ट यांनी कार्य-समायोजनाचा सिद्धान्त मांडला. कामावर माणूस समाधानी हवा आणि माणसाच्या कामाबाबत मालकही समाधानी हवा. दोन्ही जुळले तरच नोकरी टिकते, हे त्याचे सार.

आपल्याकडे जिला कल चाचणी म्हणतात, तिच्या इतिहासातही मिनेसोटाचे पान आहे. एडवर्ड स्ट्राँग यांच्या चाचणीची धुरा कॅम्पबेल यांच्याकडे आली, तेव्हा पुरुषांसाठी निळी आणि स्त्रियांसाठी गुलाबी अशा वेगळ्या पुस्तिका होत्या. पुरुषांच्या पुस्तिकेतील अनेक व्यवसाय स्त्रियांच्या पुस्तिकेत नव्हतेच. आपल्या साधनानेच मुलींची वाट अडते, हा आरोप रास्त होता. १९७४ च्या आवृत्तीत दोन्ही पुस्तिका एक झाल्या आणि हॉलंड यांचे सहा गटही तीत आले. पुढे जो-आयडा हॅन्सन यांनी कलमापनाचे हे संशोधन चालू ठेवले. शिक्षण महाविद्यालयात सनी हॅन्सन यांनी स्त्री-पुरुष भूमिकांच्या चौकटी ओलांडणारे व्यवसाय मार्गदर्शन उभे केले.

अलीकडच्या दशकांत संशोधनाचा परीघ आणखी रुंदावला. आघातातून गेलेल्या माणसाला आज आपल्या हाती काय आहे याची जाणीव कशी सावरते, यावर पॅट्रिशिया फ्रेझियर यांनी काम केले. रिचर्ड ली यांनी कोरियातून अमेरिकेत दत्तक आलेल्या मुलांच्या ओळखीचा आणि कुटुंबांचा अभ्यास केला.

कार्य-समायोजनाच्या संशोधनातून १९६७ मध्ये तयार झालेली नोकरीतील समाधानाची प्रश्नावली विद्यापीठाने आता संशोधकांसाठी विनामूल्य खुली केली आहे. तिच्या छोट्या आवृत्तीत २० प्रश्न आहेत.