ललाट खंड आणि कार्यकारी कार्ये

ललाट खंड हा प्रमस्तिष्काच्या प्रत्येक गोलार्धाचा पुढचा आणि सर्वांत मोठा खंड असून तो कपाळाच्या मागे असतो. हेतू ठरवणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि चूक दिसताच मार्ग बदलणे या मानसिक प्रक्रियांना एकत्रितपणे कार्यकारी कार्ये म्हणतात. ती मुख्यतः ललाट खंडाच्या अग्रभागावर, म्हणजे अग्रललाट बाह्यकावर, अवलंबून असतात. त्यांत बिघाड झाल्यास बोलणे, स्मरणशक्ती आणि सर्वसाधारण बुद्धिमत्ता टिकूनही स्वतंत्रपणे जगणे अवघड होऊ शकते.

कार्ये

अकिरा मियाके व सहकाऱ्यांनी २००० साली तीन मूलभूत कार्ये वेगळी केली: अनुचित प्रतिसाद रोखणे, मनातील माहिती अद्ययावत ठेवणे आणि एका कामावरून दुसऱ्याकडे वळणे. उदाहरणार्थ, नवीन पनवेलहून मुंबईला निघालेल्या प्रवाशाला वाशीच्या पुढे हार्बर मार्ग बंद असल्याचे कळल्यास, नेहमीच्या लोकलकडे वळणारी पावले थांबवून, पोहोचण्याची वेळ ध्यानात ठेवत ठाणेमार्गे जाण्याचा निर्णय घ्यावा लागतो. यात तिन्ही कार्ये वापरली जातात.

अग्रललाट बाह्यकाचा वरचा बाहेरील भाग नियोजनाशी, डोळ्यांच्या खोबणीवरील भाग आवेग व सामाजिक वर्तनाच्या नियंत्रणाशी, तर आतील मध्यभाग कृतीच्या प्रेरणेशी निगडित आहे. हे भाग मेंदूतील खोलवरच्या केंद्रांशी जोडलेले असल्याने त्या केंद्रांच्या इजेनेही अशीच लक्षणे उद्भवू शकतात.

इतिहास

१३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात रेल्वेमार्गावरील मुकादम फिनियस गेज याच्या कवटीतून सुमारे एक मीटर लांबीची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, मात्र त्याचा स्वभाव पालटल्याचे त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये नोंदवले. १९३५ मध्ये एगास मोनीझ यांनी मनोविकारांवर उपाय म्हणून ललाट खंडाचे तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्यासाठी त्यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु गंभीर दुष्परिणामांमुळे ती पुढे मागे पडली.

बिघाडाची कारणे व लक्षणे

डोक्याला मार, पक्षाघात, गाठ आणि ललाट-शंखखंडीय स्मृतिभ्रंश ही प्रमुख कारणे आहेत. अपघाताच्या धक्क्याने ललाट खंड कवटीच्या खडबडीत तळावर घासला जातो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पनवेलजवळ कळंबोलीला सुरू होतो. त्यावर दुचाकींना बंदी असल्याने दुचाकीस्वार पनवेलमधून जाणाऱ्या जुन्या महामार्गाचा वापर करतात. २००८ च्या कॉक्रेन पुनरावलोकनानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो.

काम सुरूच न करणे, अर्धवट सोडणे, तीच कृती पुन्हा पुन्हा करणे, उतावळेपणा, चिडचिड आणि स्वतःच्या उणिवांची जाणीव नसणे ही लक्षणे होत. बाह्य व्यंग दिसत नसल्याने कुटुंबीय त्यांना आळस किंवा हट्टीपणा समजण्याची शक्यता असते.

निदान

स्ट्रूप चाचणी (१९३५) आणि विस्कॉन्सिन पत्ते-वर्गीकरण चाचणी (१९४८) प्रचलित आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २००४ मध्ये भारतीय प्रमाणके असलेला चाचणीसंच प्रसिद्ध केला. तथापि केवळ गुणांवर विसंबता येत नाही. शॅलिस व बर्जेस यांनी १९९१ मध्ये अभ्यासलेल्या तीन रुग्णांची बुद्धिमत्ता चांगली होती, पण बाजारातील साधी कामे एकत्र उरकताना त्यांची त्रेधा उडाली. म्हणून कुटुंबीयांकडून मिळणारी दैनंदिन वर्तनाची माहितीही महत्त्वाची ठरते.

पुनर्वसन व कायदा

कामाचे लहान टप्पे पाडणे, ठरावीक दिनक्रम, वही किंवा मोबाइलवरील स्मरणसूचना आणि कुटुंबीयांचे प्रशिक्षण यांचा उपयोग होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार नमूद आहेत. अपघातजन्य मेंदूइजा त्यांत स्वतंत्र प्रकार म्हणून नाही. त्यामुळे अशा रुग्णाच्या परिणामी अक्षमतेचे मूल्यमापन उपलब्ध प्रकारांच्या चौकटीतच करावे लागते.