शेवाळाचा बंदोबस्त

जव्हारचे पठार आणि त्याच्या पूर्वेस पसरलेला मोखाड्याचा डोंगराळ मुलूख यांना समुद्राचे सान्निध्य नाही. डहाणूचा किनारा गाठावयाचा तर पश्चिमेस घाट उतरून जावे लागते. त्यामुळे या प्रदेशात कोणा हौशी गृहस्थाने घरच्या काचपेटीत सागरी मत्स्य पाळावयाचे मनात आणले, तर समुद्र त्याला क्षारांच्या मिश्रणातून स्वतःच घडवावा लागतो, आणि त्यासाठी विहिरीचे वा नळाचे जे पाणी तो घेतो, ते बेसॉल्टच्या काळ्या खडकाच्या सहवासात राहिल्यामुळे सिलिका बरोबर घेऊनच आलेले असते. बाष्पीभवनाने पाणी उडते, सिलिका मागे राहते, आणि तूट भरून काढण्यासाठी ओतलेली प्रत्येक घागर तीत आणखी भर टाकते; मग ज्या सूक्ष्म डायाटमांना आपले कवच रचण्यास सिलिकाच लागते, त्यांच्या तपकिरी थराचा अंमल वाळूवर, दगडांवर आणि काचेवर बसतो.

या उपद्रवाच्या बंदोबस्ताची कुळकथा मात्र लंडनमध्ये सुरू होते. अपोथेकरीज हॉलमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९ साली एका काचपात्रात वाळू, दगड, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि दोन सोनमासे ठेवले. वनस्पतीने प्राणवायू पुरवावा आणि माशांच्या उत्सर्गावर तिचे पोषण व्हावे, हा त्याचा तर्क खरा ठरला. परंतु कुजलेली पाने आणि बुळबुळीत हिरवे शेवाळ यांनी पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने त्यात पाणगोगलगाई सोडल्या, आणि ती व्यवस्था तगली. पुढे खाऱ्या पाण्याच्या प्रयोगांत हीच कामगिरी किनाऱ्यावरील पेरिविंकल या शंखाकडे आली. १८५४ साली ‘द अ‍ॅक्वेरियम’ हा ग्रंथ लिहून इंग्लंडातील घरोघरी ही हौस पोहोचविणारा फिलिप हेन्री गॉस या शंखाचा मोठा चाहता होता. भिंगातून पाहिले असता त्याची दंतुर जीभ काचेवरील हिरव्या थरातून गवत कापणाऱ्याच्या विळ्याप्रमाणे फिरताना दिसते.

तथापि शंख जे खातो, त्याचा बराचसा अंश विष्ठेच्या रूपाने पुन्हा पाण्यातच येतो, आणि मूळ मामला तसाच राहतो. विल्यम अल्फर्ड लॉइड याची युक्ती मला अधिक मुत्सद्दीपणाची वाटते. १८७१ साली उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात त्याने दर्शनी टाक्यांच्या कित्येक पट पाणी तळाच्या अंधाऱ्या हौदात साठवून ते अखंड खेळते ठेवले. जेथे प्रकाश नाही, तेथे शेवाळाची वाढ नाही. परंतु अशी चैन संस्थांनाच परवडते. मुंबईस १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला तर समुद्र दाराशीच होता. घरच्या पेटीला हौदही नाही आणि समुद्रही नाही. तिच्यापाशी असते ती तळाची वाळू.

ही वाळू प्रथम शोभेपुरतीच होती, आणि तिच्या पोटातील काळा, दुर्गंधी थर म्हणजे साक्षात नासाडी असे पूर्वीचे मत होते. विसाव्या शतकाच्या मध्यास तळाच्या खड्यांतून पाणी ओढून घेणारी गाळणी प्रचारात आली. तिच्यातील जिवाणू विषारी अमोनियाचे नायट्रेट करीत, त्यामुळे मासे वाचत, पण साचलेल्या नायट्रेटवर शेवाळ मात्र पोसले जाई. १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग याने समुद्रातील सजीव खडक, म्हणजे जीवजंतूंनी वसलेला प्रवाळांचा खडक, पेटीत ठेवून, यांत्रिक गाळणीवाचून केवळ हवेच्या बुडबुड्यांवर पाणी राखण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर फ्रान्सच्या जाँ जोबेर याने सच्छिद्र फळीवर वाळूचा जाड थर पसरून खाली पाण्याची पोकळी ठेवली. त्या थराच्या प्राणवायूविरहित भागातील जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. वाळूच्या ज्या प्राणवायूहीन खोलीला तोवर दोष दिला जाई, तीच अशा रीतीने कारभारात घेतली गेली. अमेरिकेतील वॉल्टर एडी याने १९८० च्या सुमारास उलट मार्ग धरला: शेवाळाला प्रखर प्रकाशातील निराळी जाळी नेमून द्यावयाची, तेथे ते यथेच्छ वाढू द्यावयाचे, आणि वेळोवेळी खरवडून पोषणद्रव्यांसह हद्दपार करावयाचे.

यांतील सजीव खडकाचा मार्ग आपल्याकडे सरळ नाही, कारण खडकरचना करणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. आणि जव्हारचा काळा दगड पेटीत निरुपद्रवी असला, तरी प्रवाळवाळूतील चुन्याप्रमाणे पाण्याची आम्लता आवरण्याचा गुण त्याच्यात नाही. मग डायाटमांचा शिधा तोडण्याची तजवीज पाण्यापासूनच करावी लागते. रिव्हर्स ऑस्मोसिसचे यंत्र आहेच. पण जेथे पावसाळा धो धो कोसळतो आणि उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते, तेथे जवळजवळ सिलिकाविरहित असे पावसाचे पाणीच साठवणे शहाणपणाचे. मात्र पहिल्या सरी वाहून जाऊ द्याव्यात, आणि पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या ताणलेल्या कापडावरून धरावे. जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्यावरून नव्हे, कारण पाण्यात उतरणारे जस्त शेवाळाआधी शंखांचाच प्राण घेते.