परसातली कोंबडी : कुठून आली, कशी टिकली, पुढे कशी टिकेल



रेडिओवरच्या कार्यक्रमात आपण कापसावर बोलतो, तुरीवर बोलतो, सोयाबीनवर तर नेहमीच बोलतो. कोंबडीचा विषय निघाला की पुष्कळ कास्तकार म्हणतात, "ते बायामाणसांचं काम आहे." खरी गोष्ट आहे. घरातली कोंबडी ही बहुतेक ठिकाणी घरच्या बाईचीच मिळकत असते. लेकराची वही, तेल-मीठ, दवाखान्याचे भाडे यासाठी बाईला कोणाकडे हात पसरावा लागत नाही, तो या अंड्यांमुळे. म्हणून या पत्रकात कोंबडीचा इतिहास सांगतो. इतिहास कशाला? तर कोंबडीला घर कसे हवे, दाणा कोणता हवा, ती कशाने मरते, हे सगळे तिच्या इतिहासातच लपले आहे.

दाण्यापायी माणसाजवळ आली

आपली गावठी कोंबडी मूळची रानातली. तिचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. उत्तर थायलंड, ब्रह्मदेश, दक्षिण चीन या पट्ट्यातल्या रानकोंबड्यांशी तिचे नाते सर्वांत जवळचे आहे, असे २०२० साली शास्त्रज्ञांनी रक्ताच्या नात्याची तपासणी करून दाखवले. माणसाने पाळलेल्या कोंबडीची खात्रीची सर्वांत जुनी हाडे थायलंडमधल्या बान नॉन वाट या गावी सापडली. त्यांचा काळ इ. स. पूर्व १६५० ते १२५० असा धरतात. हे संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले आणि त्यात एक ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. माणूस भात आणि बारीक तृणधान्ये पेरू लागला, गावाजवळ दाणा सांडू लागला, तेव्हा रानकोंबड्या झाडावरून उतरून वस्तीजवळ आल्या. म्हणजे माणसाने कोंबडी धरून आणली असे म्हणण्यापेक्षा, कोंबडी दाण्यापायी आपणहून आली असे म्हणणे बरे.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. दक्षिण आणि पश्चिम भारताच्या रानात करड्या रंगाचा रानकोंबडा असतो. तुमच्या दारच्या कोंबडीचे पाय पिवळे असतील तर तो पिवळेपणा या करड्या रानकोंबड्याकडून आला आहे. हे २००८ साली सिद्ध झाले.

गावकोंबडा आपल्याकडे किती जुना, याचा पुरावा पोथ्यांतही आहे. मनुस्मृतीत द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे, तिच्यात ग्रामकुक्कुट म्हणजे गावातला कोंबडा आहे. आता बघा, मनाई केव्हा करतात? ती वस्तू दारोदार असते तेव्हाच. पोथीत मनाई राहिली, तरी बहुजनांच्या घरी कोंबडी राहिली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीकडचे कोलाम पोड घ्या, गोंडांची गावे घ्या, नाहीतर कोणतेही कुणब्याचे गाव घ्या. देवाला, पाहुण्याला आणि अडीअडचणीला कोंबडीच कामी येते.

पहिले संकट : मानमोडी

जुन्या काळी कोंबडीला खर्च नव्हता. खळ्यावरची ज्वारी, अंगणातले किडे, उकिरडा यावर तिचे पोट भरे. रात्री डालग्याखाली झाकले की झाले. पण मग एक रोग आला. १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसल शहराजवळ कोंबड्यांत एक नवी साथ दिसली. पुढच्याच वर्षी कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत गावी ती सापडली आणि आपल्याकडे रोगाचे नाव राणीखेत पडले. आपल्या खेड्यात याला मानमोडी म्हणतात, कारण रोगी कोंबडीची मान पिळवटते. हिरवट पातळ विष्ठा, तोंड वासून श्वास घेणे, पाय-पंख लुळे पडणे ही बाकीची लक्षणे. लस न दिलेल्या कळपात हा रोग शिरला की दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते.

यावरचा उपाय राणीखेतपासून जवळच असलेल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत निघाला. ही प्रयोगशाळा मूळची आपल्या पुण्याची. १८८९ साली ती पुण्यात सुरू झाली आणि १८९३ साली थंड हवेसाठी मुक्तेश्वरला नेली. १९४० नंतरच्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी रोगाचे विषाणू अंड्यात वाढवून वाढवून सौम्य केले आणि लस तयार केली. मोठ्या कोंबड्यांना टोचतात ती आर-टू-बी लस हीच.

लस येऊन पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आजही खेड्यात कोंबड्या मानमोडीने का मरतात? आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर येत नाही. पण आणखीही एक कारण आहे. ही लस बहुधा शंभर कोंबड्यांच्या कुपीत येते. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. एका घरी कोंबड्या असतात आठ. आठ कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? म्हणून लस हे एका घराचे काम नाही, ते मोहल्ल्याचे काम आहे. बारा घरांनी एक दिवस ठरवला, सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी डालग्यातच ठेवल्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी कळवले, तर एका कुपीत सगळा मोहल्ला निघतो. बचत गटाच्या बायांनी हे मनावर घेतले तर सहज होते.

दुसरे संकट : पांढरी कोंबडी

स्वातंत्र्यानंतर अंडी वाढवायची म्हणून सरकारी केंद्रांतून व्हाईट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड अशा परदेशी जातींचे नर आणि पिल्ले खेड्यात दिली गेली. हेतू चांगला होता. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, पांढरी त्याच्या कितीतरी पट देते. पण पांढरी कोंबडी खुडूक होत नाही, म्हणजे अंड्यावर बसून पिल्ले काढत नाही. शिवाय पांढरा रंग घारीला दुरून दिसतो. ती पिंजऱ्यात भरपूर खाद्य मिळाले तरच अंडी देते. त्यामुळे ती परसात फार टिकली नाही, मोठ्या शेडमध्ये मात्र टिकली. १९७१ नंतर खाजगी उबवणी केंद्रे वाढली. १९८२ साली अंड्याच्या भावासाठी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. अंडे शहराच्या शेडमधून ट्रकने खेड्यात येऊ लागले. ज्या गावातून अंडी बाजारात जात, त्याच गावच्या दुकानात आता शेडची अंडी ट्रेमध्ये दिसतात.

यातून शास्त्रज्ञही शिकले. परसात राहील, रंगीत असेल आणि अंडीही बरी देईल अशी कोंबडी हवी, हे ध्यानात आले. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराजा या जाती अशा निघाल्या. त्या वाढतात चांगल्या, पण पिल्ले काढायला गावठी कोंबडीच लागते. म्हणून गावठी मोडून टाकू नका. गिरिराजची अंडी खुडूक गावठीखाली ठेवा. दहा-बारा अंडी, एकवीस दिवस, काम फत्ते.

एक सावधगिरी. २०१९ साली सांगली भागात कडकनाथ कोंबडीच्या नावाने हजारो शेतकरी फसले. "पिल्ले आम्ही देतो, अंडी आम्हीच महाग घेतो," असे सांगून पैसे घेतले आणि पुढे अंडी घ्यायला कोणी आले नाही. कडकनाथ जात खोटी नाही. ती मध्य प्रदेशातल्या झाबुआची अस्सल जात आहे. खोटा होता तो करार. आपल्या आठवडी बाजारात जे विकते तेच पाळावे.

तिसरे संकट : दाणा गेला, विष आले

हे संकट आपल्या जिल्ह्याचे खास आहे. पूर्वी कापसाबरोबर ज्वारी असायची. खळे घराजवळ असायचे. पुढे ज्वारी आटली आणि सोयाबीन आले. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्यानंतर वावर कापसाने भरले. सोयाबीन मळणीयंत्राने वावरातच निघते. अंगणात दाणाच सांडत नाही. ज्या दाण्यापायी कोंबडी माणसाजवळ आली, तोच दाणा तिला आता दिसत नाही.

मग घरात जे आहे ते टाकले जाते, म्हणजे सरकी किंवा सरकीची ढेप. ही चूक करू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. त्याने अंड्यातला बलक हिरवट-तपकिरी होतो आणि गिऱ्हाईक अंडे परत करते. कच्चे सोयाबीनही कोंबडीला पचत नाही. ज्वारी, मका, तांदळाची कणी असा मूठभर दाणा संध्याकाळी खुराड्याजवळ टाकावा. त्याने कोंबडीला वेळेवर घरी यायची सवयही लागते.

विषाचे काय? २०१७ च्या खरिपात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. ते दुःख आपण विसरलो नाही. जे विष माणसाला मारते ते कोंबडीला काय सोडील? फवारलेल्या वावराकडे आठवडाभर कोंबड्या जाऊ देऊ नका. औषध चोळलेले बियाणे अंगणात सांडू नका. औषधाच्या डब्यात पाणी पाजू नका आणि त्या डब्याचे खुराडेही करू नका.

चौथे संकट : बर्ड फ्लू

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर इथे भारतातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. तिथल्या मोठ्या शेडमधल्या लाखो कोंबड्या नष्ट केल्या आणि त्या टापूतल्या घराघरातल्या गावठी कोंबड्याही गेल्या. राज्यभर अंडी-कोंबडीचा बाजार बसला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी पुन्हा तेच झाले. यातून एवढे शिकावे : एकाएकी जास्त कोंबड्या मेल्या तर त्या उघड्या हाताने धरू नयेत, बाजारात नेऊ नयेत, नाल्यात फेकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे आणि ते सांगतील तसे चुना टाकून खोल पुरावे. लपवले तर एका घराचे नुकसान गावाचे होते. पूर्ण शिजलेले अंडे-मटण खायला हरकत नाही.

खुराडे कसे असावे

आता इतिहासातून निघालेले घर बघू. रानकोंबडी रात्री फांदीवर बसते. म्हणून तुमची कोंबडीही उंच जागा शोधते. तिला जमिनीवर डालग्याखाली कोंबले तर ओल, उवा आणि मुंगूस तिन्ही तिथेच मिळतात.

दहा-बारा कोंबड्यांसाठी चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच खुराडे पुरे. ते दोन फूट उंचीच्या चार खांबांवर बसवा. खांबांना पत्र्याची गुळगुळीत पट्टी गुंडाळा, म्हणजे घूस आणि साप चढत नाहीत. तळाला बांबूच्या कामट्या अर्धा-अर्धा इंच अंतराने बसवा. विष्ठा खाली पडते आणि खतालाही मिळते. आत बसायला आडवा बांबू लावा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचे ऊन आत येत नाही. दोन बाजूंना बारीक जाळी लावा. बाकीच्या बाजू पऱ्हाटी किंवा तुराटीच्या चालतील, मात्र त्या शेणमातीने नीट लिंपा. उघड्या तुराटीतून मुंगूस शिरते. छप्पर पत्र्याचे असेल तर मे महिन्यात त्यावर गवताचा थर टाका आणि पाणी शिंपडा. आपल्याकडचे ऊन चव्वेचाळीसच्या पुढे जाते, तेवढ्यात कोंबडी तापून मरते. दाराला कडी हवी, नुसता दगड टेकवू नये. कोपऱ्यात राखेची पाटी ठेवा. त्यात लोळून कोंबडी उवा स्वतःच झाडते.

पिल्ले पहिले महिना-दीड महिना आईबरोबर झाकलेल्या जागेत ठेवा. घार आणि शिक्रा पिल्लांवरच टपलेले असतात. पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकायची लासोटा लस, आठव्या आठवड्याला पंखाखाली टोचायची आर-टू-बी, पुढे सहा महिन्यांनी पुन्हा. लहान पिल्लाला मोठ्या कोंबडीची लस देऊ नये.

२०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी जास्त. म्हणजे परसातली कोंबडी संपलेली नाही. कापसाचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि ते येईपर्यंत घरचा खर्च काही थांबत नाही. अशा वेळी आठ-दहा कोंबड्या घराला हात देतात. तेवढ्यासाठी एक पक्के खुराडे बांधा आणि शेजाऱ्यांशी बोलून लसीचा एक दिवस ठरवा. खुराडे दोन दिवसांत होते. लसीचा दिवस मात्र आजच ठरवा. साथ येते तेव्हा सांगून येत नाही.