यीस्टची निवड : आवडत्या बिअरच्या घरगुती प्रतिकृतीसाठी

बाजारात मिळणाऱ्या एखाद्या आवडत्या बिअरसारखी बिअर घरच्या छोट्या भांड्यात उतरवायची असेल, तर तिच्यासाठी कोणते यीस्ट घ्यायचे हे ठरवण्याची रीत. यीस्ट हे एकपेशीय कवक. माल्टपासून काढलेल्या गोड रसातील (यापुढे ‘माल्टरस’) शर्करा खाऊन ते अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते आणि त्याबरोबर कितीतरी सुगंधी संयुगे अल्प प्रमाणात सोडते. घरी बिअर करणारे बहुतेक जण माल्ट आणि हॉप्सची अचूक यादी मिळवण्यात आठवडे घालवतात आणि यीस्टपाशी आले की ‘हे त्याच कंपनीचे’ म्हणून विकले जाणारे पाकीट उचलतात. हा क्रम उलटा आहे. यीस्ट आधी ठरवावे, पाककृती त्याच्याभोवती बसवावी. आणि ते ठरवताना पाकिटावरचे नाव न पाहता समोरच्या बिअरमध्ये यीस्टने काय केलेले दिसते ते पाहावे.

हे किती महत्त्वाचे आहे ते संयुक्त अरब अमिरातीतील शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात सर्वांत स्पष्ट दिसते. भारतातून तिथे गेलेल्या कामगारांत मराठी बोलणारेही आहेत. संयुक्त अरब अमिरातीने २०२० मध्ये मद्यविषयक संघीय कायदे सैल केले, तरी शारजाने आपली बंदी कायम ठेवली. तिथे बिअर विकणे, बाळगणे आणि घरी करणे तिन्ही गुन्हे आहेत. दुकानाच्या फ्रीजमध्ये मिळतात ती बार्बिकन, मूसी यांसारखी बिनअल्कोहोलची माल्टपेये. अशा पेयाची प्रतिकृती करायची म्हटली तर पहिला प्रश्न ‘कोणते यीस्ट’ हा नसून ‘यात यीस्टने काम केले आहे का’ हा असतो. काही माल्टपेये किण्वनाशिवायच होतात : माल्टरसात चव आणि वायू मिसळला की झाले. काहींमध्ये पूर्ण बिअर करून तिच्यातले अल्कोहोल कमी दाबाखाली उडवून देतात किंवा पडद्यातून गाळून काढतात. तिसऱ्या प्रकारात माल्टोज पचवता न येणारे यीस्ट वापरतात, उदाहरणार्थ सॅकॅरोमायकोडीस लुडविगी. माल्टरसातील किण्वनयोग्य शर्करांपैकी निम्म्याहून अधिक माल्टोज असते. या यीस्टला केवळ ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज चालत असल्याने ते थोडेसे खाऊन थांबते आणि रसाची कच्ची, उकडलेल्या धान्यासारखी चव थोडी कमी करते. पहिल्या प्रकारच्या पेयाची नक्कल करताना कोणतेही यीस्ट घातले तरी ते चुकीचेच, आणि शारजात ते बेकायदाही, कारण यीस्ट पडले की थोडे का होईना अल्कोहोल तयार होतेच. जिथे घरगुती किण्वनाला परवानगी आहे तिथेही तिसऱ्या प्रकारचे पेय पाश्चरीकरणाशिवाय ठेवू नये : अल्कोहोल नगण्य आणि साखर शिल्लक असलेले पेय जंतूंना फार सोयीचे असते.

खऱ्या अर्थाने घरगुती बिअर कुठे करता येते, हेही इथेच नोंदवायला हवे. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरचा कर आणि परवाना काढून टाकला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला सुमारे ७५७ लिटर बिअर विकण्यासाठी नव्हे तर पिण्यासाठी करता येते. तिथल्या आणि ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांना हा छंद उघडपणे जोपासता येतो. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करता येत नाही. म्हणून तिथले प्रयोग परवानाधारक सूक्ष्म ब्रुअरींमध्ये झाले, आणि त्यांची सुरुवात पुण्यात २००९ मध्ये उघडलेल्या ‘डूलाली’पासून झाली.

मूळ ब्रुअरीचे यीस्ट मिळाले की मूळ बिअर मिळेल, या समजुतीला सर्वांत चांगले उत्तर महाराष्ट्रातच आहे. नवी मुंबईतील तळोजा येथील युनायटेड ब्रुअरीजच्या कारखान्यात २०११ पासून हायनेकन बिअर तयार होते. हायनेकनचे ‘ए-यीस्ट’ पाश्चरचे शिष्य हार्टोग एलियन यांनी १८८६ मध्ये वेगळे केले आणि आजही कंपनी ते जगभरच्या आपल्या कारखान्यांना पुरवते. पण यीस्ट पाठवून कंपनीचे काम संपत नाही. पाणी, तापमान, टाकीतला दाब, यीस्ट किती पिढ्या वापरायचे, बिअर किती दिवस मुरवायची, हे सगळे जुळवावे लागते. तेव्हा कुठे तळोज्याची बिअर ॲमस्टरडॅमच्या बिअरसारखी लागते. घरच्या भांड्यात यातले बरेचसे जुळवताच येत नाही. कारखान्याच्या उंच टाकीत तळाशी असलेल्या यीस्टवर द्रवस्तंभाचा आणि विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब असतो आणि त्यामुळे फळांच्या वासाची एस्टर संयुगे कमी तयार होतात. तेच यीस्ट वीस लिटरच्या बुटक्या भांड्यात त्याच तापमानाला अधिक एस्टर सोडते. शेजारच्या घरून आणलेल्या विरजणाने आपल्या दुधाचे दही शेजारच्यांसारखे होईलच असे नाही, तसेच हे. म्हणून मूळ यीस्टपेक्षा किंचित कमी बोलके असलेले दुसरे यीस्ट घरी मूळ बिअरच्या अधिक जवळ पोहोचवते, असे अनेकदा घडते.

पाकिटावरच्या नावावर किती विसंबावे, याचे उत्तर जनुकशास्त्राने दिले आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. तेव्हापासून ब्रुअरी आपापले वाण जपू लागल्या आणि वाणांची देवाणघेवाणही सुरू झाली. आज छंदी लोकांना विकल्या जाणाऱ्या वाणांची वंशावळ पुष्कळदा ऐकीव असते. व्हाइट लॅब्स या अमेरिकी कंपनीचे ‘डब्ल्यूएलपी८००’ हे यीस्ट अनेक वर्षे पिल्सनर लागरचे यीस्ट म्हणून विकले गेले. जनुके तपासली तेव्हा ते लागरचे, म्हणजे थंडीत किण्वन होणाऱ्या बिअरचे, सॅकॅरोमायसीस पास्टोरियानस नसून एलचे, म्हणजे उबेत किण्वन होणाऱ्या बिअरचे, सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसिई निघाले. तरीही त्याने लोकांनी चांगल्या पिल्सनर केल्या, आणि माझ्या मते यातून निघणारा धडा पाकीट खोटे होते यापेक्षा मोठा आहे : ते यीस्ट लागरसारखे वागत होते म्हणून चालले. ‘शिको’ या एकाच घराण्याचे मानले जाणारे तीन कंपन्यांचे वाणही कुळाने जवळचे असून तळ धरण्यात आणि किण्वनाच्या वेगात सारखे नाहीत.

मग वागणूक ओळखायची कशी? सुरुवात बाटलीपासूनच करावी. बिअर दोन भांड्यांत पुन्हा पुन्हा ओतून तिच्यातला वायू काढावा, वीस अंश सेल्सिअसला आणावी आणि हायड्रोमीटरने घनता मोजावी. समजा ती १.००८ आली आणि अल्कोहोल ५ टक्के आहे. घनतेतील घट गुणिले १३१ म्हणजे साधारण अल्कोहोलची टक्केवारी, या सूत्राने ५ टक्क्यांसाठी घट ०.०३८ येते, म्हणजे मूळ माल्टरसाची घनता १.०४६ होती. घनतेच्या ४६ अंशांपैकी (०.००१ म्हणजे एक अंश) ३८ खाल्ले गेले, म्हणजे यीस्टचे दृश्य पचन सुमारे ८३ टक्के. हा एक आकडा निम्मी पाकिटे बाद करतो, कारण अनेक इंग्लिश एल यीस्ट ७० च्या आसपासच थांबतात. पण आकडा जसाच्या तसा वापरू नये. भारतीय लागरमध्ये तांदूळ, मका किंवा साखर मिसळण्याची पद्धत सर्रास आहे, आणि साखर तर पूर्ण पचते. ४६ पैकी ९ अंश साखरेचे असतील, तर उरलेल्या ३७ पैकी यीस्टने २९ खाल्ले, म्हणजे माल्टवरचे त्याचे पचन ७८ टक्क्यांच्या आसपास. साखर लक्षात न घेता ८३ टक्क्यांचे यीस्ट निवडून वर साखरही घातली, की बिअर पाणचट होते. दुसरा सापळा लेबलाचा. भारतातल्या अनेक बाटल्यांवर, विशेषतः ‘स्ट्राँग’ बिअरच्या, छापलेला आकडा ‘यापेक्षा जास्त नाही’ अशी कमाल मर्यादा सांगतो, प्रत्यक्ष प्रमाण नव्हे. तिथे हायड्रोमीटर आणि प्रकाशाचे वक्रीभवन मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर या दोन्हींची वाचने एकत्र करून अल्कोहोलचा अंदाज काढावा लागतो.

पचनानंतर नाकाचे काम. लवंगेचा वास ४-व्हिनाइल ग्वायाकॉल या फिनॉलमुळे येतो आणि तो तयार करण्याची क्षमता यीस्टमध्ये एकतर असते किंवा नसते, ती पीएडी१ आणि एफडीसी१ या जनुकांवर ठरते. बव्हेरियन गव्हाच्या बिअरच्या यीस्टमध्ये ती असते, बहुतेक इंग्लिश आणि अमेरिकी एल यीस्टमध्ये नसते. तापमान बदलून किंवा माल्ट बदलून नसलेली लवंग आणता येत नाही, आणि असलेली पूर्ण घालवताही येत नाही. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा. तो मात्र तापमानाने, यीस्टच्या मात्रेने आणि भांड्याच्या आकाराने कमीजास्त होतो. म्हणून आधी लवंग आहे की नाही ते ठरवावे, मग पचन पाहावे आणि केळे, पेअर, सफरचंद असल्या फळांच्या छटा शेवटी तापमानावर सोडाव्यात. बेल्जियन धाटणीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घातलेली असते. यीस्टची छटा आणि मसाल्याची छटा तिथे एकमेकींत मिसळतात आणि मसाल्यालाच यीस्ट समजून निवड फसते.

बाटलीच्या तळाचा साका वाढवला की मूळ यीस्ट हातात येईल, असा एक आक्षेप हमखास येतो. कधीकधी तो खरा आहे. सिएरा नेवाडा पेल एलसारख्या बाटलीतच फसफसवलेल्या बिअरमधून असे यीस्ट मिळवता येते. पण भारतात मिळणारी बहुतेक लागर गाळलेली आणि पाश्चरीकृत असते, तिच्यात जिवंत काही उरत नाही. जर्मनीतल्या काही ब्रुअरी गव्हाची बिअर बाटलीत भरताना वेगळे, नीट तळ धरणारे लागर यीस्ट घालतात. तो साका वाढवला तर लवंग आणि केळे दोन्ही गायब. बेल्जियमच्या ओर्वालमध्ये तर बाटलीत ब्रेटानोमायसीस हे वेगळ्याच प्रजातीचे यीस्ट असते. साका वाढवणे हा अभ्यासाचा चांगला मार्ग आहे, निवडीचा पुरावा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. किंगफिशरसारख्या फिकट लागरमध्ये यीस्टची चव जवळजवळ नसतेच, मग निवडीचा एवढा विचार कशासाठी? नेमका यासाठीच. हॉप्स किंवा भाजलेल्या बार्लीचा आडोसा नसल्याने यीस्टचा प्रत्येक दोष उघडा पडतो : लोण्यासारखा डायॲसिटिल, हिरव्या सफरचंदासारखा ॲसिटाल्डिहाइड, गंधकाचा वास. लागर यीस्ट हा सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसिई आणि थंडी सोसणाऱ्या सॅकॅरोमायसीस युबायानस यांचा संकर; दुसरा जनक २०११ मध्ये पॅटागोनियात सापडला. या संकराच्या दोन घराण्यांपैकी फ्रोबर्ग घराण्याला माल्टोट्रायोज ही शर्करा चांगली पचते. वाइहेनस्टेफानहून आलेले ‘डब्ल्यू-३४/७०’ हे प्रसिद्ध यीस्ट त्याच घराण्यातले. कोरडी चव असलेल्या लागरसाठी हेच घराणे योग्य. मात्रा कंजूसपणे ठेवू नये : उत्पादकाच्या शिफारशीप्रमाणे १२ ते १५ अंशांना शंभर लिटरला ८० ते १२० ग्रॅम लागते, म्हणजे वीस लिटरला साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटे. लागरइतके थंड ठेवण्याची सोय नसेल, तर खोलीच्या उबेत लागर यीस्ट नावापुरते वापरण्यापेक्षा अठरा अंशांना स्वच्छ राहणारे अमेरिकी एल यीस्ट वापरलेले बरे. हे शुद्धतावाद्यांना पटत नाही, पण पेल्यातली बिअर अधिक जवळची लागते.

सेझॉन या बेल्जियन धाटणीच्या बिअरसाठी विकल्या जाणाऱ्या काही यीस्टबाबत सावध राहावे. डायस्टॅटिकस प्रकारच्या यीस्टमध्ये एसटीए१ जनुक असते. त्याने तयार होणारे विकर इतर यीस्टना न पचणारी डेक्स्ट्रिन्सही तोडते. किण्वन थांबले असे वाटून बिअर बाटलीत भरली तर ते आतल्या आत चालूच राहते आणि बाटल्या फुटतात. आधीच्या वापरात हे यीस्ट भांड्याच्या चरांमध्ये राहिले असेल, तर पुढच्या निरुपद्रवी बिअरलाही तोच धोका.

अंतिम निवडीसाठी एकच माल्टरस तीन-चार भांड्यांत वाटून प्रत्येकात वेगळे यीस्ट घालणे सर्वांत विश्वासार्ह, कारण मग फरक कशाचा हा वाद राहत नाही. चव घेणाऱ्यांपुढे तीन पेले ठेवावेत, त्यांपैकी दोनांत बाजारातील बिअर आणि एकात प्रतिकृती, किंवा उलट. कोणत्या पेल्यात काय हे त्यांना कळू देऊ नये आणि रंग झाकला जाईल असे पेले वापरावेत. नुसत्या अंदाजाने वेगळा पेला ओळखण्याची शक्यता तीनात एक असते. सहा जणांपैकी पाच जणांनी तो अचूक ओळखला तर फरक खरा मानावा, चौघांनी ओळखला तर तो योगायोगही असू शकतो आणि चाचणी पुन्हा घ्यावी. ज्या यीस्टची प्रतिकृती अशा चाचणीत सर्वांत कमी वेळा पकडली जाते ते घ्यावे, मग त्याच्या पाकिटावर कोणत्याही देशाचे नाव असो.