रक्त एकच, वाहण्याच्या तीन तऱ्हा

शाळेत आपण पाठ केलेलं असतं की रोहिणीतलं रक्त लालभडक असतं आणि उसळ्या मारत येतं, नीलेतलं काळपट असतं आणि संथ धारेनं वाहतं, केशवाहिन्यांतलं नुसतं झिरपतं. ज्ञान तीन ओळींचं, पण ते जुळायला जवळजवळ दोन हजार वर्षं गेली.

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य एरासिस्ट्रेटस म्हणायचा, की रोहिण्यांत रक्त नसतंच, प्राणवायूसारखं काहीतरी असतं. मेलेल्या शरीरात रोहिण्या बहुतेक रिकाम्याच सापडतात ना! मग कापल्यावर रक्त येतं ते कसं? तो म्हणे, वायू निसटतो आणि त्याच्या जागी नीलेतलं रक्त ओढलं जातं. बघा, डोळ्यांसमोर रक्त उडतंय, तरी सिद्धान्त शाबूत!

दुसऱ्या शतकात गॅलननं तो मोडला. त्यानं जिवंत प्राण्याची रोहिणी दोन ठिकाणी बांधली आणि मधला भाग कापला. आत रक्तच होतं. पण ते उसळतं का, याचं नीट उत्तर १६२८ साली विल्यम हार्वीनं दिलं. रोहिणीतली प्रत्येक उसळी हृदयाच्या आकुंचनाबरोबर येते, आणि तेच रक्त नीलांमधून हृदयाकडे परत जातं. रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र त्याला दिसल्या नाहीत. त्या १६६१ मध्ये माल्पिघीनं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

आता तत्त्वज्ञानाचा माणूस हे का सांगतोय? कारण 'ओळखणं' म्हणजे नुसतं पाहणं नव्हे. पण याची दुसरी बाजूही आहे. अपघाताच्या जागी रंगाची चिकित्सा करत बसू नका. अंधारात, कपड्यांखाली रंग फसवतो. रक्त उसळतंय का, थांबत नाहीये का, कपडा भिजून जमिनीवर साचतंय का, एवढंच बघा. यातलं एक जरी असलं, तरी जीव धोक्यात आहे असं समजा. स्वच्छ कापड घेऊन जखमेवर थेट, जोरानं दाबा. सारखं उचलून बघू नका. दुसऱ्या कुणाला तरी १०८ला फोन लावायला सांगा.

रक्ताचा प्रकार डॉक्टर ठरवतील. तोवर तुमचा तळहात पुरेसा आहे.