प्रभातचा पगार ते युनियनचं कार्ड: सिनेमातली नोकरी गेली कुठे?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा लोकलमध्ये इयरफोन घालूनही काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टीही यात घातल्यात.

सुरुवात जुलै १९३९ पासून करू. गाव पुणे. प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकापाशी एक बाई उपोषणाला बसली होती. तो काळ बघता तुम्हाला वाटेल, स्वातंत्र्य चळवळीतलं काहीतरी असणार. तसं नव्हतं. ती बाई म्हणजे शांता आपटे. दोनच वर्षांपूर्वी, १९३७ मध्ये, ‘कुंकू’ आला होता. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली आणि ते लग्न मान्य करायला नकार देणारी नीरा तिने केली होती. देशभर नाव झालेलं. आणि ही नटी स्वतःच्याच कंपनीच्या दारात उपाशी बसली, कारण वाद कराराचा आणि पगाराचा होता.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ‘पगार’ या शब्दापाशीच अडकले. हिरॉइनला पगार? महिन्याच्या महिन्याला? तर हो. एके काळी आपल्याकडे सिनेमा ही चक्क नोकरी होती. मग ती नोकरी गेली कुठे, आणि तिच्या जागी काय आलं, हा आजचा विषय.

आधी कामं आली, मग माणसं शोधली

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा ‘फिल्म लाइन’ असं काही नव्हतंच. कॅमेरामन, एडिटर, मेकअपमन ही पदं नव्हती. फाळके बरंचसं स्वतः करत आणि उरलेलं ज्याला जमेल त्याच्याकडून करून घेत. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही बाई तयार होईना. शेवटी ती भूमिका अण्णा साळुंके या तरुणाला मिळाली. तो एका उपाहारगृहात काम करायचा. तिथे महिना दहा रुपये मिळायचे, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं सांगतात. पुढे ‘लंकादहन’मध्ये (१९१७) याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. नंतर ते कॅमेऱ्यामागेही गेले. आजच्या भाषेत ‘फुल स्टॅक’ माणूस.

पण त्या युनिटमध्ये आणखी एक व्यक्ती होती, सरस्वतीबाई फाळके. सिनेमासाठी त्यांनी दागिने दिले. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम केलं, फिल्म धुण्यात मदत केली, आणि शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाक. यातल्या प्रत्येक कामाला आज वेगळं पद आहे आणि वेगळा माणूस आहे. त्यांना ना पद होतं, ना पगार. सिनेमातल्या कामाचा इतिहास सांगताना हे नाव पहिल्या पानावर यायला हवं असं मला वाटतं.

कंपनी

नोकरी खऱ्या अर्थाने आली ती स्टुडिओंबरोबर. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती. तिथे तयार झालेले व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णींच्या भांडवलाच्या आधाराने १९२९ मध्ये त्यांनी ‘प्रभात’ काढली. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली.

‘कंपनी’ हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्या. लेखक, नट, गायक, रंगारी, सुतार, शिंपी, ध्वनिमुद्रक, लॅबमधली माणसं, सगळे एका आवारात आणि सगळे पगारावर. मालकही खुर्चीत बसून राहणारे नव्हते. दामले ध्वनी बघायचे, फत्तेलाल कलादिग्दर्शन. १९३६ चा ‘संत तुकाराम’ या दोघांनीच दिग्दर्शित केला, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

मुंबईत मालाडला १९३४ मध्ये हिमांशु राय आणि देविका राणींनी बॉम्बे टॉकीज उभी केली. तिथेही तीच पद्धत. अशोक कुमार तिथे लॅबमध्ये नोकरीला होते. एक दिवस नायक मिळेना म्हणून त्यांनाच उभं केलं. दिलीप कुमारांनी आत्मचरित्रात सांगितलंय, की देविका राणींनी त्यांना महिना १२५० रुपये पगार देऊ केला, तेव्हा घरच्यांना तो आकडा वर्षाचा असेल असं वाटलं!

आमच्या आयटीत प्रोजेक्ट संपलेल्या माणसाला ‘बेंच’वर बसवतात. हातात काम नसतं, पण पगार चालू असतो. स्टुडिओत नेमकं हेच होतं. एक सिनेमा संपला आणि पुढचा उभा राहायचाय, तरी सुताराच्या घरी चूल पेटायची. शिकायलाही मिळायचं. खालच्या कामावर लागलेला मुलगा चार खाती फिरून वर जायचा. प्रभातमध्ये १९४० च्या दशकात गुरुदत्त आणि देव आनंद असेच करारावर लागले, आणि त्यांची दोस्ती तिथलीच.

त्या फाटकाची दुसरी बाजू

मग शांता आपटे उपाशी का बसली?

कारण ज्या करारामुळे पगार मिळतो, त्याच करारामुळे तुम्ही बांधले जाता. कंपनी सांगेल तो सिनेमा, कंपनी सांगेल ती वेळ. लोक थिएटरात येतात ते तुमचं नाव वाचून, पण त्या नावाचा भाव ठरवते कंपनी. प्रभातची बाजूही समजण्यासारखी होती. कंपनीने एका अनोळखी मुलीला उभं केलं, तिच्यावर पैसा लावला, आणि सगळ्यांना सारखी शिस्त हवी हा त्यांचा आग्रह. पण ‘तुला आम्ही घडवलं’ हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी नोटीस पीरियडमध्ये ऐकलेलं असतं. त्याचा उपयोग कशासाठी होतो, हे वेगळं सांगायला नको.

शांताबाई तिथेच थांबल्या नाहीत. १९४० मध्ये त्यांचं पुस्तक आलं, ‘जाऊ मी सिनेमात?’. मुलींच्या मनातला त्या काळचा हा नेहमीचा प्रश्न. अब्रूचं काय, लोक काय म्हणतील, ही चर्चा तर सगळेच करत होते. पण शांता आपटे सिनेमाकडे कामाची जागा म्हणून बघतात. नटी म्हणजे राबणारी बाई, कष्ट विकून पोट भरणारी, असा तो विचार आहे. पडद्यावरच्या चेहऱ्याने मराठीत हे तेव्हा लिहिलंय, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. पुढच्याच वर्षी त्या तमिळ ‘सावित्री’त नायिका झाल्या. नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. करारातून सुटलेली नटी कुठवर जाऊ शकते, ते दिसलं.

सगळे ‘फ्रीलान्स’ झाले

आणि मग दुसरं महायुद्ध. काळ्या बाजारातला पैसा हिंडायला लागला आणि त्याला मुरायला सिनेमा सोयीचा होता. स्टुडिओ नसलेले, एकाच सिनेमापुरते निर्माते आले. त्यांच्याकडे खाती नव्हती, सुतार-शिंपी नव्हते. रोख होती. त्यांनी थेट स्टारला गाठलं आणि कंपनी वर्षभरात देईल त्यापेक्षा जास्त एका सिनेमाचे देऊ केले. स्टार बाहेर पडले. शांताराम स्वतः १९४२ मध्ये प्रभात सोडून मुंबईत राजकमल काढायला गेले. १९५० चं दशक अर्धं सरेपर्यंत प्रभातही संपली आणि बॉम्बे टॉकीजही. सरकारने १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या १९५१ च्या अहवालात या विस्कटलेल्या धंद्याचं चित्र सापडतं.

आता गंमत बघा. स्टारसाठी हे स्वातंत्र्य होतं, शांता आपटे ज्यासाठी झगडली तेच. पण त्याच फाटकातून लाइटमन, सुतार, शिंपी, नाचणाऱ्या मुली आणि तेव्हा ज्यांना ‘एक्स्ट्रा’ म्हणत ती माणसंही बाहेर पडली. ती स्वतःहून निघाली नव्हती. त्यांचा महिन्याचा पगार गेला आणि रोजंदारी आली. एकच बदल एकाला बढती आणि दुसऱ्याला नारळ!

शिकण्याची सोयही गेली. आधी कंपनीच शाळा होती. ती बंद पडल्यावर सरकारला खरीखुरी शाळा काढावी लागली, १९६० मध्ये, आणि तीही प्रभातच्याच जागेत. पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवरची एफटीआयआय ती हीच.

कार्ड

पगार गेल्यावर माणसं संघटनेकडे वळली. मेकअप, लाइट, ध्वनी, नृत्य, स्टंट, प्रत्येक कामाची वेगळी युनियन. १९५६ मध्ये त्यांचा महासंघ झाला, फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज. आता नोकरीच्या जागी आलं कार्ड. कार्ड असेल तर सेटवर काम, ठरलेला दर, ठरलेली शिफ्ट, आणि निर्मात्याने पैसे बुडवले तर भांडायला कोणीतरी मागे उभं. ऑक्टोबर २००८ मध्ये याच महासंघाने मुंबईतलं शूटिंग ठप्प केलं होतं, थकलेले पैसे आणि कामाचे तास यांवरून. एकट्यादुकट्या स्पॉटबॉयला हे कधी जमलं असतं?

पण कार्ड म्हणजे पुन्हा एक फाटकच. आत कोण आणि बाहेर कोण, हे कोणीतरी ठरवणार.

मुंबईच्या मेकअप आणि हेअरड्रेसर संघटनेने ते असं ठरवलं होतं: मेकअप आर्टिस्टचं कार्ड पुरुषांना, हेअरड्रेसरचं बायकांना. हा रिवाज जवळजवळ साठ वर्षं चालला. तुम्ही परदेशात शिकून या, हात कितीही सफाईदार असो, बाई असाल तर चेहऱ्याला ब्रश लावायचा नाही. संघटनेचं म्हणणं असं, की दोघांनाही काम मिळावं म्हणून ही वाटणी आहे. चारू खुराना या मेकअप आर्टिस्टचा अर्ज २००९ मध्ये नाकारला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळीत यांच्या खंडपीठाने हा नियम घटनाबाह्य ठरवून रद्द केला. त्याबरोबर, महाराष्ट्रात पाच वर्षं राहिलेलं असण्याची अटही गेली.

आता दोन वर्षं शेजारी ठेवा. १९१३ मध्ये सिनेमाला बाई हवी होती आणि मिळत नव्हती, म्हणून पुरुषाने तारामती केली. २०१३ मध्ये बाई कामासाठी दारात उभी होती आणि दार बंद होतं. मधली बरोब्बर शंभर वर्षं.

याचा अर्थ युनियन वाईट, असा काढू नका. ज्या नियमाने मेकअपमनच्या घरातली चूल पेटती ठेवली, त्याच नियमाने त्याच्या बरोबरीच्या बाईला बाहेर ठेवलं. दोन्ही खरं आहे. न्यायालयाने संघटना मोडली नाही. दार उघडायला लावलं.

आणि आज?

१९८१ च्या सिने कामगार कायद्याने लेखी कराराशिवाय कामाला ठेवू नका असं सांगितलं, पण तो कायदा लिहिताना डोळ्यांसमोर होता तो फीचर फिल्मचा कामगार. नंतर खासगी चॅनेल आले आणि रोजच्या मालिका सुरू झाल्या. कागदावर बघाल तर मालिका स्टुडिओच्या नोकरीसारखीच: तोच सेट, तीच माणसं, महिनेच्या महिने. पण पैसे दिवसावर, आणि तेही बऱ्याचदा काम झाल्यावर नव्वद दिवसांनी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शूटिंग थांबलं, तेव्हा या नव्वद दिवसांचा अर्थ घरभाडं भरणाऱ्या प्रत्येकाला कळला. त्याच वर्षी संसदेत मंजूर झालेल्या कामगार संहितेत ‘सिने कामगार’ या शब्दाच्या जागी ‘ऑडिओ-व्हिज्युअल कामगार’ आला. म्हणजे मालिका आणि डिजिटल माध्यमांत काम करणारेही आता कायद्याला दिसू लागले.

मला स्वतःला प्रभातचे दिवस परत यावेत असं वाटत नाही. त्या फाटकापाशी उपाशी बसलेली बाई विसरून ‘सुवर्णकाळ’ म्हणणं मला जमत नाही. पण रिकाम्या महिन्यातही सुताराला पगार मिळायचा, ही गोष्ट आपण सोडून दिली आणि तिच्या जागी तेवढं भक्कम काही आणलं नाही, हेही तितकंच खरं. आपल्यातलेही कितीतरी जण आज एडिटिंग करतात, रील कापतात, व्हॉइसओव्हर देतात. कार्ड नाही, करार नाही, नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डन’. काम सुरू करण्याआधी दर, तारीख आणि क्रेडिट हे तीन मुद्दे लिहून घ्या. ईमेलवर घेतले तरी चालतील.

आणि तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमच्या घरात कोणी सेटवर काम करत असेल, तर मला कळवा: पहिलं काम काय मिळालं आणि त्याचे पैसे किती दिवसांनी आले? पुढच्या भागात नाव न घेता वाचून दाखवेन. भेटू तर मग. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा.