बर्फावरून मागे फिरलेला माणूस



गेल्या रविवारी उपासनेनंतर एका तरुणाने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, विश्वासणाऱ्याने जगापासून वेगळं राहायचं ना? मग ज्यांच्याशी आमचा जमिनीचा वाद चाललाय, त्यांच्या घरी मयत झालीय. जायचं की नाही?"

मी त्याला एक जुनी गोष्ट सांगितली.

साल १५६९. नेदरलँड्सवर स्पेनच्या राजाची सत्ता होती. ॲस्पेरन गावात डर्क विलेम्स नावाचा माणूस कैदेत होता. तो ॲनाबॅप्टिस्ट पंथाचा. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा नाही, कळत्या वयात स्वतःच्या विश्वासाने घ्यायचा, असं हे लोक मानत. १५२९ पासून साम्राज्याच्या कायद्यात त्याला देहदंड होता. डर्कने स्वतः पुन्हा बाप्तिस्मा घेतला होता आणि घरात इतरांचेही होऊ दिले होते.

कापडाच्या गाठी मारून तो तुरुंगातून खाली उतरला आणि पळाला. वाटेत गोठलेलं पाणी होतं. पातळ बर्फावरून तो कसाबसा पार झाला. मागून पकडायला आलेला शिपाई मात्र बर्फ फुटून आत पडला. डर्क मागे फिरला आणि त्याने त्याला बाहेर ओढलं.

जीव वाचलेल्या त्या शिपायाला डर्कला सोडून द्यायचं होतं. पण काठावरून नगरप्रमुख ओरडला, "तुझी शपथ आठव!" शिपायाने डर्कला पकडलं. १६ मे रोजी त्याला जाळण्यात आलं. त्या दिवशी वारा जोराचा होता, ज्वाळा वरपर्यंत पोचेनात, त्यामुळे त्याचे फार हाल झाले. १६६० साली थिलेमान फान ब्राख्ट याने हुतात्म्यांच्या कथांच्या मोठ्या ग्रंथात ही हकिगत नोंदवली.

आता 'वेगळं राहणं' म्हणजे काय, ते बघू. २४ फेब्रुवारी १५२७ ला श्लाइटहाइम या स्विस गावात या पंथाच्या लोकांनी सात कलमं मान्य केली. त्यात एक कलम जगापासून वेगळं होण्याचं, एक तलवार न धरण्याचं आणि एक शपथ न घेण्याचं. कलमांचा कर्ता समजला जाणारा मिखाएल झाटलर तीन महिन्यांच्या आत जाळला गेला. त्याच्या बायकोला काही दिवसांनी बुडवून मारलं.

इथे मला एक गोष्ट दिसते. शिपायाला दया आली होती, पण सत्तेला दिलेल्या शपथेने त्याचे हात बांधलेले होते. डर्कने अशी शपथ कुणालाच दिलेली नव्हती, म्हणून मागे फिरायला तो मोकळा होता. वेगळं राहिल्यामुळेच त्याला शत्रूवर प्रेम करता आलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १५३४ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात याच पंथाच्या एका गटाने सत्ता घेतली आणि ज्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला नकार दिला, त्यांना ऐन थंडीत शहराबाहेर हाकललं. वेगळेपण तेही सांगत होते, पण हातात तलवार होती. पुढच्या वर्षी वेढ्यातलं शहर पडलं आणि भयंकर कत्तल झाली.

स्वतः पापापासून वेगळं होणं निराळं आणि दुसऱ्याला वाळीत टाकणं निराळं. आपल्या महाराष्ट्रात तर वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला. आणि आपण चर्चवाले तरी यातून सुटलोत का? भावकीचं भांडण आलं, निवडणूक आली, की आपण 'वेगळं राहा' हे वचन सोयीने काढतो आणि शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा गुंडाळून ठेवतो.

त्या तरुणाला मी म्हटलं, "जमिनीचा वाद कोर्टात आहे, तिथेच राहू दे. तिथे खोटं बोलू नकोस, कुणाच्या दबावाखाली कागदावर सही करू नकोस. एवढं वेगळेपण सांभाळ. आणि मयतीला जा."

तो गेला. तिथे कुणी त्याच्याशी बोललं नाही म्हणे. पण माती देताना त्याला कुणी अडवलंही नाही.

पटलं तर विचार करा. नाही पटलं तर खाली लिहा, पण प्रेमाने.